गेझाची बोथट पट्टी

गेझा हार्म्सइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. छत्तीस वर्षं मी बस डेपोत गाड्या दुरुस्त केल्या, तेव्हा माणसं काही कमी पाहिलेली नाहीत. पण गेझा लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही. तळघरातून बटाटे आणायला गेली तर दार मागे लागू नये म्हणून पायातला एक बूट काढून फटीत अडकवायची आणि एका पायात नुसता मोजा घेऊन लंगडत आत जायची. घराबाहेर पडली की शेगडी बंद आहे ना, हे बघायला निदान एकदा तरी परत फिरायची. अशी बाई आमच्या कुलूपवाल्यांच्या मंडळात कशाला आली, हे आम्हाला बरेच दिवस उमजलं नाही.

मंडळ म्हणजे हाम्बुर्गच्या बार्मबेक भागातल्या एका बिअरखान्याची मागची खोली, वरच्या मजल्यावर. एक आड एक मंगळवारी पंधरासोळा जण जमतो. समोर बिअर, टेबलाला शिकंजा, शिकंज्यात कुलूप आणि हातात दोन बारीक हत्यारं. किल्लीशिवाय कुलूप उघडायचं, पुन्हा लावायचं, शेजाऱ्याकडे सरकवायचं. कोणी टपालाची तिकिटं जमवतं, आम्ही हे करतो. चोरीशी आमचा काडीचा संबंध नाही, आणि तो नाही म्हणूनच भिंतीवर दोन नियम चिकटवलेले आहेत. एक, कुलूप स्वतःचं हवं. दोन, वापरातल्या कुलपाला, म्हणजे खऱ्याखुऱ्या दाराला लागलेल्या कुलपाला, हात लावायचा नाही. या नियमांचा राखणदार मी, हेनिंग. एका वकिलाने पाहुण्यांपुढे शायनिंग मारायला आपल्या ऑफिसचं दार असं उघडलं, तर मी त्याला मंडळातून काढला होता. तेव्हा मी फार ताठ्यात असायचो.

गेझा पहिल्यांदा आली ती दारातच थांबली. वय अठ्ठावन्न, काम दातांच्या कवळ्या बनवायचं, अंगावर पावसाळी कोट.

"नमस्कार. मी गेझा. हे दार बाहेरून लागत नाही ना?"

"लागलं तरी घाबरू नकोस," मी म्हणालो. "इथे सोळा कुलूपवाले बसलेत. कोणीतरी उघडेलच."

सगळे हसले. ती हसली नाही. दाराजवळची खुर्ची धरून बसली आणि विचारलं, "हत्यारं कोणती घ्यावीत?"

आता हा प्रश्न आमच्यात विचारणं म्हणजे लग्नघरात जेवणाला काय करू असं विचारण्यासारखं आहे. सोळा तोंडांतून वीस सल्ले निघाले. नवीन माणूस साधारण बावन्न हत्यारांचं चेनवालं पाकीट विकत घेतो आणि त्यातली पन्नास कधी बाहेर काढत नाही. जुने लोक हत्यारं स्वतः घडवतात. रस्ते झाडणाऱ्या गाडीच्या ब्रशातून पोलादी काड्या गळून पडतात, त्या आम्ही फुटपाथच्या कडेला वेचतो. चांगल्या घरची माणसं गटाराशी वाकलेली दिसली तर ती आमची समजावीत. बसच्या वायपरमधल्या पोलादी पट्ट्या मी डेपोतून आणून वाटायचो. माझं स्वतःचं बावीस हत्यारांचं चामडी गुंडाळं होतं. एकेक आकडी घासून, पुसून अशी लखलखीत की पाहतच राहावं. कोणी शिंकलं तरी मी ते झाकायचो.

गेझाने हत्यारं निवडायला अख्खा हिवाळा घेतला. केक भाजायच्या पत्र्याच्या डब्यात लोकरीचं कापड घालून ती प्रत्येकाकडून एकेक उसनं घेऊन जायची आणि पुढच्या खेपेला परत आणायची. "ही फार गुळगुळीत आहे." "ही हातात फिरते." "ही कुठली बाजू वर, ते न बघता कळत नाही." माझ्या लाडक्या आकडीबद्दल तर म्हणाली, "हेनिंग, ही शोकेसमध्ये ठेव." मला राग आला. मी तो गिळला, पण बिअरबरोबर.

त्याहून विचित्र म्हणजे ती मध्येच उठून खाली रस्त्यावर जायची, जिना धावत चढून यायची आणि धापा टाकत कुलपाशी बसायची. तोंड लाल, कपाळावर घाम, बोटं थरथरताहेत, आणि बाई आकडी घालते आहे.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"हात थरथरायला हवेत."

"ते कशाला? आम्ही हात थरथरू नयेत म्हणून दोन बिअरवर थांबतो."

"लागेल तेव्हा थरथरतीलच ना," ती म्हणाली. "थरथरत्या हाताला जे हत्यार चालेल तेच माझं."

मार्च उजाडला तेव्हा तिची तीन हत्यारं ठरली होती. एक आकडी, रस्त्यावर सापडलेल्या काडीची, पण मूठ अंगठ्याएवढी जाड. कवळीच्या गुलाबी मसाल्याची ती मूठ तिने आपल्या बोटांच्या खाचा पाडून घडवली होती. दुसरी माझ्या वायपरची पट्टी, टोकाशी वाकवलेली, कुलूप फिरतं ठेवायला ताण देण्यासाठी. आणि तिसरी एक रुंद, बोथट पट्टी. तिला टोक नाही, आकडा नाही, काही नाही. बहीण अल्मुटच्या जुन्या, कंबर आवळायच्या पट्ट्यातून तिने ती उसवून काढली होती.

"ही कशाला?" मी ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "लोणी लावायला? पाव कोण आणणार मग?"

"अर्ध्या फेऱ्यासाठी," गेझा म्हणाली.

"आपल्याला अर्धा फेरा लागतोच कुठे?"

"दाराला लागतो."

"दाराला आपण हात लावत नाही," मी भिंतीकडे बोट केलं.

"हो," ती म्हणाली, आणि पट्टी काढून घेतली. तिच्या त्या 'हो'कडे मी नीट पाहायला हवं होतं.

आमच्यात कुलूप बोटभर फिरलं की झालं. "उघडलं!" म्हणायचं, टेबलावर थाप मारायची, पुढचं घ्यायचं. वीस वर्षांत मी हजार कुलपं उघडली असतील, पण किल्लीशिवाय पूर्ण फेरा एकदाही फिरवला नव्हता. गरजच काय?

मग एका मंगळवारी बसथांब्यावर तिने मला सगळं सांगितलं. अल्मुट तिच्याहून तेरा वर्षांनी मोठी, शाळेत शिवण शिकवायची, आता त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहत होती. गेझा दुसऱ्या मजल्यावर. अल्मुटला साखरेचा आजार, इंजेक्शनवर. कधीकधी साखर एकदम उतरायची आणि ती उभ्याउभ्या कोसळायची. पण दार लावायची ते आतून दोन फेरे देऊन, दिवसाढवळ्यासुद्धा.

"मी तिला एवढंच पढवलंय, की किल्ली आत कुलपात ठेवू नकोस, काढून खुंटीला लाव. म्हणजे माझी जादा किल्ली बाहेरून चालेल," गेझा म्हणाली.

"मग झालं की. किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"किल्ली हरवली तर? घाईत तुटली तर?" तिचे डोळे खरोखर भरले होते. "हेनिंग, मी रोज रात्री वर काही पडल्याचा आवाज येतो का ते ऐकत झोपते."

मला तिची कीव आली, आणि कीव आली की मी मूर्खपणा करतो. तिला अल्मुटच्याच दाराच्या सिलिंडरवर सराव करायचा होता. सिलिंडर म्हणजे दारात बसणारा पितळी तुकडा, एक स्क्रू काढला की हातात येतो. मीच म्हटलं, "मग काढून घे ना घरी. अल्मुटला विचार, म्हणजे नियमात बसलं. तोवर तिच्या दाराला मंडळाच्या पेटीतला दुसरा घाल." पेटी माझ्या घरी असते. शुक्रवारी संध्याकाळी गेझा आली, तेव्हा पेटीत धुंडाळून मी मापाचा एक काढून दिला. त्याला एकच किल्ली होती.

"एकच?" गेझा म्हणाली.

"सोमवारी दुसरी करून घे. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

त्याच संध्याकाळी तिने सिलिंडर बदलला. रविवारी तीन वाजता मला कॉफीला बोलावलं. शहरात धावण्याची मोठी शर्यत होती, गल्लीच्या दोन्ही तोंडांना अडथळे लावलेले, अर्धी इमारत शर्यत बघायला गेलेली. गेझाने लोणी आणि साखरेचा मोठा केक भाजला होता, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकंज्यात अल्मुटचा सिलिंडर बसवला होता. तिने तो माझ्यासमोर दोन मिनिटांत उघडला.

"आता वर केक नेऊ," ती म्हणाली. "तीनचं इंजेक्शन घेऊन वाट बघत असेल. ती आधी टोचून घेते आणि मग खाते."

"थांब गं, जरा माझी पद्धत बघ," मी म्हणालो, आणि चामडी गुंडाळं उलगडून बसलो. आकडी कशी धरावी यावर मी तिला जे व्याख्यान दिलं ते पाऊण तास चाललं. ती दोनदा उठली आणि मी दोनदा तिला बसवलं. हे मी कोणाला फारसं सांगत नाही.

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच शिटी ऐकू आली. चहाच्या किटलीची, लांब, एकसुरी. गेझाचं तोंड पांढरं पडलं. अल्मुटला ती शिटी आवडायची नाही, किटली लगेच उतरवायची.

घंटी वाजवली. दारावर मुठी आपटल्या. "अल्मुट! अल्मुट, दार उघड!" शिटी चालूच. मग आतून, खालून, जमिनीलगतून एक आवाज आला. शब्द नव्हता तो, नुसता घशातला आवाज होता.

गेझाने एप्रनच्या खिशातून जादा किल्ली काढून कुलपाला लावली. ती आत जाईना. तिने पुन्हा लावली, उलटी करून लावली, आणि मग तिला आठवलं. ती किल्ली खाली शिकंज्यात अडकवलेल्या सिलिंडरची होती. या दाराची एकमेव किल्ली आत, खुंटीला. ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहू नये.

मी अग्निशमन दलाला फोन लावला. रस्ते बंद आहेत, पंधरावीस मिनिटं धरा, म्हणाले. मी खांद्याने दाराला तीन धडका दिल्या. जुनं, जाडजूड दार होतं. माझा खांदा हलला, दार हललं नाही. शेजारच्या घंट्या वाजवल्या, कोणी घरी नव्हतं.

"उघड," गेझा म्हणाली. "तुझं गुंडाळं काढ आणि उघड."

आणि मी, देव मला क्षमा करो, काय बोललो? "गेझा, पण वापरातलं कुलूप…"

"खड्ड्यात गेला तुझा नियम! ती मरतेय आत!"

मी गुडघ्यांवर बसलो. कुलूप साधं होतं. माझे हात शांत होते, अगदी मंगळवारसारखे. पट्टीने ताण दिला, आकडीने पिना, म्हणजे कुलपातल्या स्प्रिंगवरच्या बारीक खुंट्या, एकेक बसवल्या. मिनिटही गेलं नसेल, सिलिंडर फिरला. "उघडलं!" मी ओरडलो आणि सवयीने दारावर थाप मारली. पट्टी जोरात फिरवली, आणि अर्ध्या फेऱ्यावर ती खटकन अडकली. पुढे जाईना, मागेही येईना.

किल्ली आत असली की तिच्या अंगाने फट भरलेली असते. किल्ली नसेल तर अर्ध्या फेऱ्यावर खालच्या पिना स्प्रिंगच्या जोराने त्या रिकाम्या फटीत शिरतात आणि सगळं जाम होतं. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, नवीन पोरांना सांगितलेलंसुद्धा होतं. पण टेबलावर बोटभर फिरवून थाप मारणाऱ्या माणसाच्या हाताला ते माहीत नव्हतं.

मी एक आकडी घातली, दुसरी घातली. माझी सगळी हत्यारं सुईसारखी बारीक, एक पिन दाबली की दुसरी वर. आत शिटीचा सूर बदलला. ती खाली उतरू लागली, घरघरली. पाणी संपत आलं होतं. त्यानंतर किटली जळणार होती. आणि तो घशातला आवाज आता येत नव्हता.

"सरक," एप्रनच्या खिशातून आपली हत्यारं काढत गेझा म्हणाली.

तिचे हात माझ्या डोळ्यांदेखत लटलटत होते. एवढे की ती पट्टी कुलपाच्या तोंडाला दोनदा आपटली. पण आत गेली, ती रुंद, बोथट पट्टी, आणि सगळ्या पिना एकदम खाली दबल्या. हळूच सिलिंडर हलला. अर्धं ओलांडलं. फेरा पूर्ण झाला आणि दारात आतला लोखंडी दांडा एक घर मागे सरकला.

"एक झाला," ती म्हणाली. फेरा पूर्ण झाला की पिना परत जागेवर पडतात, म्हणजे कुलूप पुन्हा पहिल्यापासून उघडायचं. "आता तू. तू माझ्यापेक्षा भराभर उघडतोस."

मी आकडी उचलली, आणि आता माझे हात गेले. इतका वेळ मला खरी भीती वाटलीच नव्हती, हे तेव्हा कळलं. मी कुलूप उघडत होतो, दार नव्हे. ती गुळगुळीत, लखलखीत आकडी माझ्या घामेजल्या बोटांतून सुटली, कठड्याच्या गजांमधून गेली आणि चार मजले खाली किणकिणत पडली. शिटी बंद झाली. दाराखालून तापल्या लोखंडाचा वास आला.

गेझाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने जाड गुलाबी मुठीची आकडी घेतली. ती रडत होती, नाक गळत होतं, दातांवर दात आपटत होते, आणि तोंडाने ती मोजत होती, "एक बसली. दोन बसली. तीन, तीन, बस ना गं बाई, तीन बसली." कुलूप फिरलं. तिने बोथट पट्टी घातली, अर्धं ओलांडलं. दुसरा फेरा संपला. पुन्हा आकडी, तिसऱ्यांदा, दार अजून धरून ठेवणाऱ्या शेवटच्या खटक्यासाठी. मी तिच्यामागे उभा राहून हात चोळत होतो. माझी उरलेली हत्यारं पायाशी पसरलेली होती.

दार उघडलं. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. किटली बुडाशी लाल झाली होती, ती मी फडक्याने उचलून नळाखाली फेकली. अल्मुट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कुशीवर पडली होती, ओठ निळसर, डोळे अर्धे उघडे. गेझाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि टेबलावरच्या बरणीतला मध बोटाने घेऊन गालाच्या आतून चोळत राहिली, चोळत राहिली. "अल्मुट. अल्मुट, मी आहे. गिळ. मी कोंडलं तुला. मीच कोंडलं. गिळ."

अल्मुटने गिळलं. मग पुन्हा गिळलं. पाचएक मिनिटांनी तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"हा कोण?" ती म्हणाली. "आणि केक कुठंय?"

"खाली राहिला, अल्मुटबाई," मी म्हणालो. अग्निशमनवाले त्यानंतर दहा मिनिटांनी आले.

त्यांनी अल्मुटला इस्पितळात नेलं, एका रात्रीपुरतं. गेझाने त्याच संध्याकाळी जुना सिलिंडर दारात परत बसवला. मग जिन्यात बसली आणि हमसून हमसून रडली. "मी भीत होते ना, म्हणून मी तो काढला. भीत नसते तर काढला नसता."

"पेटीतला मी दिला. पाऊण तास मी बडबडलो," मी म्हणालो. तिने नाही म्हटलं नाही. खोटं बोलून माझं समाधान करायचा तिचा स्वभाव नाही.

पुढच्या मंगळवारी मी सगळ्यांसमोर दुसरा नियम मोडल्याचं सांगितलं आणि माझं नाव काढायला सांगितलं. कोणी काढलं नाही. मी पिना किती वेळात बसवल्या तेवढं त्यांनी विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं, की दार गेझाने उघडलं. त्या काढून टाकलेल्या वकिलाला मी परत ये म्हणून पत्र टाकलं. तो आला नाही.

बसथांब्यावर गेझा म्हणाली, "हेनिंग, तुझी जादा किल्ली कोणाकडे असते?"

"कोणाकडे नाही."

"आणि दार?"

"दोन फेरे. बायको गेल्यापासून." मी हसलो, पण ते हसू माझ्या मलाच ऐकवलं नाही. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पाचव्या मजल्यावर, आतून दोन फेरे, आणि त्या दाराची दुसरी किल्ली ड्रॉवरमध्ये पडलेली. हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

किल्ली मी तिला दिली. तिने ती घेतली आणि सिलिंडरचं मापही लिहून घेतलं, तसलाच एक मिळवून सराव करायला. अजूनही एक आड एक मंगळवारी ती जिना धावत चढते, आणि आता तिच्यामागे मीही चढतो, छाती धरून. पोरं हसतात. माझ्या चामडी गुंडाळ्यात आता तीनच हत्यारं आहेत, त्यातली एक बोथट.

संध्याकाळी घरी आलो की मी दार लावतो. एक फेरा देतो. हात सवयीने दुसऱ्यासाठी वळतो, आणि मला ती शिटी ऐकू येते, खाली उतरत जाणारी. चोरी झालीच तर विमावाले म्हणतील दार नीट लावलं नव्हतं. म्हणू देत. मी किल्ली काढून खुंटीला लावतो. तिच्याकडची किल्ली हरवलीच, तर गेझाला अर्धं एकदाच ओलांडावं लागावं.